खालचे चार दात

लाल मखमल लावलेली एक लांबट पेटी.

तव्यावर काळाकुट्ट भाजलेला तंबाखू.

तांदळाच्या कणीएवढा खडा. बाहेरून काळपट, मोडला तर आतून पिवळा.

कागलात, भर वरातीत, कुणाच्या तरी हातातला खुळखुळा.

"भांडी घासल्यागत घासू नका."

तर पिराजीचं डोकं फिरलं ते त्या खड्यावरून. तुळशीची लग्नं उरकली होती, सुपाऱ्या पटापट येत होत्या, आणि गणपतरावांच्या बँडात क्लॅरोनेट म्हणजे पिराजी. दुसरं नाव कुणी घेत नसे. त्याची पोरगी क्रांती, कॉलेजात जाणारी, वर्षभर मागं लागली होती. "आबा, हिरड्यांतनं रगत येतंय, तोंडाला वास मारतोय. सीझनच्या आधी दाखवून घ्या की." शेवटी कटकट नको म्हणून तो लक्ष्मीपुरीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाईंनी आकडीनं खालच्या दातांच्या मागून खडे खरवडून काढले. पिराजी घरी आला, क्लॅरोनेट जोडलं, खालचा ओठ दातांवर दुमडून फुंकायच्या टोकावरल्या पत्तीला लावला आणि फुंकलं.

खालचे चार दात हलले. चांगले झोपाळ्यागत हलले. सूर चिरकला.

"माझं तोंड मोडलंस तू!" पिराजी क्रांतीवर एवढ्या जोरात ओरडला की शेजारच्या दोन बाया दारात आल्या. "काल हे दात दगडागत घट्ट हुतं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो क्रांतीला पुढं घालून दवाखान्यात पोचला. बसला नाही. खुर्चीला लाथ घालायची तेवढी बाकी ठेवली.

"बाई, माझं पोट ह्या दातांवर हाय! हलीवलासा की तुम्ही!"

डॉक्टरीणबाई गडहिंग्लजच्या. आवाजात त्याही कमी नव्हत्या. "मी न्हाय हलवले. आधीपासूनच हलत होते. दगडानं एकमेकांना धरून ठेवले होते, म्हणून कळलं नाही. मामा, रोज दातावर चिकट थर बसतो. जिभेला बुळबुळीत लागतो तो. रोजच्या रोज ब्रशनं काढला तर निघतो. ठेवला तर त्याचा दगड होतो, हिरडीखाली उतरतो, तिथं हाड खाऊन टाकतो. तुमचं हाड गेलंय."

"मी रोज मशेरी लावतोय! पहाटे उठून!"

"बोटानं, पुढून. मागं बोट जातंय कुठं? आणि मशेरीत तंबाखू. तो हिरडी आणखीच खराब करतो, वर तुम्हाला वाटतं दात साफ झाले."

त्यांनी चारही दात बारीक तारेनं एकमेकांना बांधले. सकाळ-संध्याकाळ ब्रश, हिरडीच्या कडेनं, हलक्या हातानं. भांडी घासल्यागत नाही. मशेरी बंद. आणि तीन महिने फुंकायचं नाही.

"मग घट्ट हुतील?"

"घासलंत तर थोडे हुतील. गेलेलं हाड येत न्हाय."

म्हणजे सीझन गेला. पिराजीला काहीतरी फोडावंसं वाटलं. काय फोडावं ते कळेना.

गणपतराव माणूस वाईट नव्हे. त्यांनी पिराजीला काढलं नाही. खुळखुळा दिला.

कागलची वरात. ज्या जागेवर पिराजी उभा राहायचा तिथं ज्ञानू, ज्याला त्यानंच फुंकायला शिकवलं. पिराजी मागं, ढोलाच्या कडेला, टोपी पुढं ओढून, मान खाली घालून खुळखुळा हलवत. नाचणाऱ्यांतला एकजण घामाघूम होऊन त्याच्यासमोर आला.

"ओ पावणं! झोपलासा काय? हलवा की जोरात!"

ज्ञानूनं मागं वळून बघितलं आणि हसला. "मामा, जपून. दात पडतील."

पिराजीनं खुळखुळा असा हाणला की तो दांड्यापासून निखळला आणि आतले मणी वरातीच्या पायांखाली गेले. लोकांना वाटलं मजा आहे. टाळ्या पडल्या.

घरी येऊन त्यानं क्लॅरोनेटची पेटी उघडली. वाजवायचं नसलं तरी साफ करायचं, हा त्याचा नेम. नळीतून फडकं ओढलं. मग जुन्या ब्रशानं एकेक भोक, एकेक चावीची खाच कोरायला लागला. क्रांती दारात उभी होती. आठवडाभर शिव्या खाल्लेल्या, आता तिचाही पारा चढला.

"त्या नळीत कधी खडा घावला काय, आबा?"

"गप."

"न्हाय घावला. कारण तिला रोज घासतासा. मी तुमचं तोंड मोडलं म्हणून गल्लीभर सांगितलासा. मग हे काय? हिला जपलं, आणि हिला फुंकणारं तोंड?"

पिराजीचा हात वर गेला. तिथंच राहिला. मग खाली आला. क्रांतीनं नवा ब्रश त्याच्यापुढं आपटला.

तो मोरीत गेला आणि सूड उगवल्यासारखा घासू लागला. थुंकी लाल पडली.

"भांडी न्हाईत ती!" ती ओरडली.

त्यानं डोळे वटारून तिच्याकडं बघितलं. आणि मग, तसेच डोळे वटारलेले ठेवून, हात हलका केला. खालचे चार दात. मागून.

एकोणीसशे त्र्याण्णव साली, क्रांती चौथीत असताना, शाळेत प्रत्येक पोराला दात घासायचा एक ब्रश वाटला होता. तिनं आपला आबांना दिला, आणि क्लॅरोनेटच्या पेटीतला तो जुना ब्रश म्हणजे तोच.