कुंबारोने बसवलेला टर्बो

स्त्रातिसच्या मनात पाल चुकचुकली ती एका फडक्यामुळे. आर्गिरिसच्या गॅरेजात आजवर कुठली वस्तू झाकलेली त्याने पाहिली नव्हती. तेलकट पाने, अर्धवट खाल्लेलं चीज, रक्तदाबाच्या गोळ्या, सगळं उघड्यावर पडलेलं असायचं. आणि आज टेबलावर एक धुतलेलं पांढरं फडकं, खाली काहीतरी गोल.

त्याने कोपरा उचलून पाहिलं. टर्बो होता, इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, चांगला खरबुजाएवढा. स्त्रातिसच्या गाडीत आर्गिरिसने गेल्याच आठवड्यात बसवलेला मात्र संत्र्याएवढा होता.

"हा कुणाचा रे?"

"लिम्नोस बेटावरच्या एका गिऱ्हाइकाचा. सरळ रस्त्यावर पळवतो तो गाडी." आर्गिरिसने मान वर केली नाही. "झाकून ठेव, धूळ जाईल."

लिम्नोसचं गिऱ्हाईक म्हणे. स्त्रातिस डोंगरावरच्या ज्या चढणीच्या शर्यतीत उतरायचा, त्याच शर्यतीत आर्गिरिसचा भाचा याकोव्होसही उतरायचा, तसल्याच तेराशे सीसीच्या इंजिनावर. परवा स्त्रातिस गॅरेजात शिरला तेव्हा मामा-भाचे कुजबुजत होते आणि त्याला बघताच गप्प झाले. याकोव्होस तर कानापर्यंत लाल झाला होता. कुठेतरी पाणी मुरत होतं, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती.

सरळ विचारावं तर आर्गिरिस त्याचा कुंबारो, म्हणजे मुलीचा धर्मपिता. थोरल्या मुलीला बाप्तिस्म्याच्या पाण्यातून त्याने उचललेलं, नाव त्याने ठेवलेलं. सख्ख्या भावाशी भांडता येतं, कुंबारोशी नाही. त्याला 'मला फसवतोस का' असं विचारलं तर नातं तुटतं, आणि नाही विचारलं तर झोप लागत नाही. स्त्रातिसने झोपेवर पाणी सोडलं.

प्रोफितिस इलियास डोंगराची ही चढण तो अकरा वर्षं चढत होता. चार वेळा दुसरा आला. वरच्या कॉफीच्या दुकानाच्या भिंतीवर दरवर्षी जिंकणाऱ्याचं नाव रंगवतात, तिथे आपलं नाव दिसावं एवढीच त्याची हौस. डोळे अधू होत चालले होते. यंदाची शर्यत झाली की गाडी विकायची, असं त्याने देस्पिनाला, म्हणजे बायकोला, वचन दिलं होतं.

उरलंसुरलं काम पोस्टमन पांदेलिसने केलं. गाडी रोलरवर चढवून ताकद मोजली की कागद मिळतो, आणि तो कागद कॉफीच्या टेबलावर मांडायची गावाची रीतच आहे. पांदेलिसने स्त्रातिसचा कागद चष्मा सरसावून वाचला.

"एकशे अठ्ठावन्न घोडे? अरे, माझ्या आजीच्या गाढवात याहून जास्त दम होता."

"कुंबारो म्हणतो चढणीला हेच बरं."

"कुंबारो म्हणणारच. त्याला भाचा आहे ना."

टेबल हसलं. स्त्रातिसही हसला, पण घरी जाऊन जेवला नाही. फुकट काम करून देणाऱ्याच्या मनात नेमकं काय असतं, याचाच हिशेब तो करत बसला. संशयाला औषध नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने गाडी शहरातल्या एका गॅरेजात नेली आणि त्या झाकलेल्याहूनही मोठा टर्बो बसवून घेतला. कागदावर आकडा आला दोनशे बारा. पांदेलिसने उठून हात मिळवला. काढलेला लहान टर्बो स्त्रातिसने आर्गिरिसच्या टेबलावर आणून ठेवला.

"घे. भाच्याला दे."

आर्गिरिसने तो टर्बो हातात घेतला. "स्त्रातिस, एवढंसं इंजिन, त्याचा धूर तो किती? त्या धुरावर टर्बोचं चाक फिरणार, तेव्हा कुठे इंजिनाला वारा मिळणार. एका माणसाच्या कॉफीला तू लग्नाचं पातेलं चढवलंयस."

"पातेलं माझं मी बघतो."

"तुला हा नको, हे नक्की ठरवलंस?"

"ठरवलं."

'बघ, चेहरा कसा पडला,' असं मनात म्हणत स्त्रातिस बाहेर पडला. डाव उलटवल्याचा त्याला आनंद झाला होता.

रविवारी पहिल्या सरळ तुकड्यावर कुणीतरी पाठीत हात घालून ढकलावं तशी गाडी सुटली. मग पहिलं वळण आलं, गाडी जवळजवळ उलट तोंडाने फिरवावी लागणारं. वेग पडला, इंजिन मंदावलं. वळणातून बाहेर पडताना स्त्रातिसने पाय दाबला, आणि काही झालं नाही. एक, दोन, तीन मोजावं इतका वेळ गाडी नुसती घुरघुरत राहिली. मग सगळे घोडे एकदम उधळले, नेमके पुढचं वळण समोर आल्यावर, ब्रेक मारायच्या वेळी. प्रोफितिस इलियासवर अशी अकरा वळणं आहेत. अकराही वेळा तेच झालं.

तो सहावा आला. याकोव्होस पहिला.

हेल्मेट काढून याकोव्होस धावत आला आणि त्याने स्त्रातिसला मिठी मारली. "काका, तुमचे उपकार कसे फेडू? आपल्या इंजिनाला बरोब्बर बसणारा तसला एकच टर्बो मामाला मिळाला होता; दुसरा तो मोठा, लिम्नोसच्या गिऱ्हाइकाचा. तुमच्या गाडीत बसवल्यापासून रोज मामाकडे जाऊन भीक मागत होतो. त्या दिवशी तुम्ही आलात तेव्हाही तेच चाललं होतं, लाज वाटली मला. मामा ऐकेचना. म्हणायचा, स्त्रातिसचं हे शेवटचं वर्ष, तो टर्बो त्याच्या गाडीतून निघणार नाही. आणि तुम्ही आपण होऊन दिलात."

स्त्रातिसने आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि वर हा पोरगा त्याला दानशूर म्हणत होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वर दुकानात रंगारी शिडी लावून भिंतीवर याकोव्होसचं नाव काढत होता. आर्गिरिस दोन कॉफ्या घेऊन आला आणि शेजारी बसला. स्त्रातिसने कपाला हात लावला नाही.

"भाचा मागतोय, हे मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून तुझ्यावर उपकार चढवायचे होते का?" आर्गिरिसने कॉफीचा घोट घेतला. "आणि तू तरी विचारलंस कुठे?"