लाकडी फळ्यांचा डबा

"काकू, हा डबा उघडून बघू का?" निनादने विचारलं आणि वसुंधराबाईंनी मानेनेच होकार दिला. उघडा, बघा, घेऊन जा. एकदाचं घर रिकामं होऊ दे, असं त्यांच्या मनात होतं.

करंजाड्यातल्या या फ्लॅटच्या अर्ध्या हॉलवर कित्येक वर्षं आगगाडीचं राज्य होतं. कृष्णकांतराव एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, हे रेल्वेच्या झोपायच्या डब्यांमागे लागले. वीतभर लांबीचे, पत्र्याचे नि लाकडाचे डबे. कूपेवाला जुना फर्स्ट क्लास, तांबडा थ्री-टियर, नंतरचा निळा. मध्यंतरी रेल्वेने बाजूच्या दोन बर्थच्या मध्ये तिसरी कोंबली होती आणि लोकांनी शिव्या घातल्यावर काढून टाकली, तर तोही डबा यांनी करून ठेवला होता. खऱ्या डब्यात जे नव्हतं ते यांच्या डब्यात येत नसे. लेकीने एकदा हौसेने खिडक्यांना इवले पडदे शिवून दिले, तर 'स्लीपरला पडदे नसतात' म्हणून साभार परत.

ते गेल्याला वर्ष होत आलं होतं. वसुंधराबाई आता खारघरला लेकीकडे, वल्लरीकडे, राहायला निघाल्या होत्या आणि तिथे या पसाऱ्याला जागा नव्हती. खरं तर त्यांनी ती मागितलीही नव्हती. पुण्याचा निनाद कृष्णकांतरावांच्याच छंदातला. त्याच्या क्लबात सगळे डबे मांडले जाणार होते. वल्लरीला वाईट वाटत होतं, तिच्या आईला सुटल्यासारखं. त्या गाडीवर वसुंधराबाईंचा राग होता आणि तो फार जुना होता.

निनादने तांबड्या डब्याचं छप्पर अलगद उचललं. "हा माझा फेवरेट. तेव्हा सेकंड क्लासला गाद्याच नव्हत्या, काकू. नुसत्या लाकडी फळ्या. फोम नंतर आला."

"माहीत आहे," वसुंधराबाई म्हणाल्या. "मी झोपलेय त्यांच्यावर."

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात त्या नागपूरला निघाल्या होत्या. त्या काळी वळकटी घेतल्याशिवाय कोणी रात्रीच्या प्रवासाला निघत नसे. पण कृष्णकांतरावांना सुटसुटीत प्रवासाचा भारी अभिमान. "एका रात्रीचा तर प्रश्न आहे, कशाला ते ओझं?" म्हणाले, आणि बांधून ठेवलेली वळकटी घरीच राहिली. रात्रभर तळची फळी कमरेला टोचत राहिली. भुसावळच्या अलीकडे कळा सुरू झाल्या. भुसावळला उतरवलं, पण मूल हाती लागलं नाही. डॉक्टर म्हणाले, फळीचा आणि याचा काही संबंध नाही. नसेलही. पण नवऱ्याने पुढे जन्मात त्या रात्रीचं नाव काढलं नाही, हे त्यांना लागलं होतं. आणि म्हातारपणी हाच माणूस त्याच फळ्या हौसेने कोरत बसला! किती कोडगं असावं माणसाने, असं त्यांना वाटलं होतं. तेव्हापासून त्या गाडीकडे त्यांनी कधी वाकून पाहिलं नव्हतं.

"अरेच्चा," निनाद डब्यात डोकावत म्हणाला, "काकांची इथे चूक झालीय. या एका बर्थवर कापड चिकटवलंय. काढून टाकतो, नाहीतर एक्झिबिशनला लोक नावं ठेवतील." त्याने खिशातून चिमटा काढला.

"थांबा," वसुंधराबाई म्हणाल्या. "मला दाखवा आधी."

चष्मा पुसून त्यांनी डबा डोळ्यांजवळ धरला. बाकी सगळ्या फळ्या उघड्या होत्या. एका तळच्या फळीवर मात्र बोटाच्या पेराएवढी गोधडी अंथरली होती. मऊ, जुन्या साडीचे दोन थर, आणि कडेने घातलेला धावदोरा. एक टाका लांब, एक आखूड, मध्येच गाठ. कृष्णकांतरावांनी कधी शर्टाचं बटणसुद्धा लावलं नव्हतं. कधी बसले असतील हे शिवत, देव जाणे.

वसुंधराबाईंना रडू फुटलं आणि त्याबरोबर संतापही आला. एवढं शिवलंत, तर दोन शब्द बोलायला काय झालं होतं? मी वाट बघत होते हो.

"आई? काय झालं?" वल्लरी स्वयंपाकघरातून खोकी टाकून धावत आली.

"तुझ्याआधी एक होतं," त्या म्हणाल्या. "मुलगा. भुसावळला गेला."

वल्लरीला हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. ती आईशेजारी खाली फरशीवरच बसली आणि डब्यात बघत राहिली. निनादने चिमटा गुपचूप खिशात घातला.

"बाकीचे सगळे न्या तुम्ही," वसुंधराबाई त्याला म्हणाल्या. "हा नाही देत. राग मानू नका."

"छे हो, काकू. राग कसला?"

"पण आई, ठेवायचा कुठे?" वल्लरीने हळूच विचारलं.

"माझ्या उशाशी."

दुपारी निनादची गाडी खोकी भरून पुण्याच्या वाटेला लागली आणि मायलेकी खारघरला निघाल्या. वसुंधराबाईंनी तांबडा डबा खोक्यात घालू दिला नाही. तो मांडीवर घेऊन, छपरावर हात ठेवून त्या पुढच्या सीटवर बसल्या. वल्लरी एरवी घाईने गाडी हाकणारी. आज मात्र स्पीडब्रेकर दिसला की ती कोणी न सांगता गाडी अगदी हळू करत होती.