चार बागांची एक घसरगुंडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी घसरगुंडी आहे. माझ्यावरून आजवर हजारो लेकरं घसरली. माझ्यापायी आठ मोठी माणसं दवाखान्यातही गेली, पण त्यातलं एकच घसरलेलं होतं.

माझा जन्म १९९८ साली हट्टा गावी झाला. नामाजी वेल्डर जन्मभर कोळपी आणि बैलगाडीचे आख दुरुस्त करत आलेले. घसरगुंडी त्यांनी फक्त कॅलेंडरवर पाहिली होती. बोअरच्या पाइपाचे पाय, धान्याच्या जुन्या कोठीचा पत्रा आणि दोन दिवस घणाचे घाव, अशी मी घडले. मग नामाजी स्वतः वर चढून घसरले. मांडीला सात टाके पडले. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाले, "बराबर झाली."

मला विकत घेतलं शिवहारशेठनं. शेठ शेतं घेऊन त्यांचे प्लॉट पाडायचे. नगरपरिषदेचा नियम असा, की प्लॉट पाडणाऱ्यानं दहावा हिस्सा जागा बागेसाठी सोडायची, तिथं झाडं आणि खेळणी लावायची, नाही तर बागेची फी भरायची. शेठनं तिसरा रस्ता काढला. तो रस्ता म्हणजे मी.

इंजिनिअर विकासराव पाहणीला निघाले की त्यांच्या आधी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मी निघायचे. सोबत सात कुंड्या. पहिल्या लेआउटवर मी लाल होते, दुसऱ्यावर हिरवी, तिसऱ्यावर पिवळी. दर वेळी मला ट्रॉलीतून ढकलून खाली पाडायचे, आणि दर वेळी विकासराव एखाद्या ओळखीच्या बाईकडं पाहावं तसे माझ्याकडं पाहायचे आणि सही करायचे.

मग नवे मुख्याधिकारी आले. ते म्हणाले, खेळणी सिमेंटमध्ये गाडलेली पाहिजेत. त्यामुळं २००४ साली चौथ्या लेआउटवर, बंजारा तांड्याच्या कडेला, शेठनं मला चार फूट खोल गाडलं. रंग निळा. बागेतल्या सातही कुंड्या शेळ्यांनी आठवड्यात संपवल्या.

तांड्यातली लेकरं तोवर डांबरी रस्त्यावर खेळायची. मोतीबाईची नात निता तिथंच ट्रकखाली आली होती. जीव वाचला, डावा पाय वाकडा झाला. आता ती वाकड्या पायानं माझ्या पायऱ्या चढायची आणि सरळ खाली यायची. मोतीबाई शेजारी शेळ्या घेऊन बसायची. "रस्त्यावर पाऊल टाकलं तर दुसराबी पाय मीच मोडीन," असं तिनं नातीला प्रेमानं सांगून ठेवलं होतं. या मैदानाशिवाय त्या लेकरांना दुसरी जागाच नव्हती.

वर्षभरानं नगरपरिषदेत कुणीतरी चार फायली शेजारी शेजारी ठेवल्या. चारही फोटोंत मीच. नोटीस निघाली, की चारही बागांची फी भरा, नाही तर खेळणी जप्त होतील. शेठनं ठरवलं, की मला उपटून तांड्याजवळच्या त्या जागेचेही प्लॉट पाडायचे. कचेरी बंद असते म्हणून त्यांनी धुलवडीचा दिवस निवडला. विकासरावांना ही खबर लागली, म्हणून त्यांनीही जप्तीसाठी तोच दिवस निवडला.

आता मित्रांनो, तांड्यातली धुलवड समजून घ्या. बाया जमिनीत खुंटा गाडतात, त्याला गोड पुऱ्यांचं मडकं बांधतात आणि काठ्या घेऊन राखण करतात. पुरुषांनी खुंटा उपटायचा, बायांनी त्यांना बडवायचं. लागलं तरी राग धरायचा नाही. त्या वर्षी शेठच्या रोलरनं मुरूम इतका दाबला होता, की खुंटा आत जाईना. मोतीबाई म्हणाली, "ह्या घसरगुंडीलाच बांधा. हिच्यापरीस खोल कोण गाडलंय?" मडकं माझ्या वरच्या दांड्याला बांधलं आणि राखणीला निताला वर बसवलं.

एवढ्यात शेठ ट्रॅक्टर आणि तीन माणसं घेऊन आले.

"बाई, बाजूला व्हा. घसरगुंडी माझी हाय. काढून नेऊन राहिलो."

"व्हय, तुमचीच हाय," मोतीबाई हसून म्हणाली. "काढा की."

शेठला वाटलं, परवानगी मिळाली. त्यांनी माझ्या पायाला हात लावला. वाळली तुराटी मोडावी तसा मनगटाचा आवाज आला. मागून विकासराव शिपायासह पोचले. शेठला मार बसलेला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "ही नगरपरिषदेची जप्ती आहे," म्हणत त्यांनी माझा दुसरा पाय धरला. त्यांच्या टाळूवर पहिली काठी बसली तेव्हा ते वाक्यच पूर्ण करत होते.

"बाई, मी सरकारी माणूस हाय."

"असा की. खुंट्याला समदे सारखे."

तेवढ्यात शेठच्या ड्रायव्हरनं माझ्या पायात साखळी अडकवून ट्रॅक्टर रेसवर घेतला. निता वरच होती. मी वाकले. माझ्या दोन पायऱ्या तुटून उडाल्या, लेकरू दांड्याला लटकलं. साखळी सोडवायला मोतीबाईनं तिच्यात हात घातला. साखळी ताणली गेली आणि तिची दोन बोटं तिथंच राहिली.

तोवर तो खेळ होता. त्यानंतर नव्हता. बायांनी निताला अलगद उतरवलं आणि ड्रायव्हरला सीटवरून खाली ओढलं. त्याचे दात मी मुरमावर पाहिले. शेठची उरलेली दोन्ही माणसं पळाली, पण पुढं तांडाच होता. शिपाई माझ्याखाली लपला, आणि मी किती अरुंद आहे ते त्याला कळलं.

हवालदार आले. सगळे लाल होते. रंग कुठला आणि रक्त कुठलं, हे त्यांना ठरवता येईना.

"मारलं कुणी?"

"धुलवड हाय, साहेब," मोतीबाई म्हणाली. हाताला लुगड्याचा पदर गुंडाळलेला.

हवालदारांनी शेठकडं वळून विचारलं, "पण तुमी खुंट्याला हात काहून लावला?"

अहवाल विकासरावांनाच लिहावा लागला. डोक्याला नऊ टाके असताना त्यांनी लिहिलं, "सदर ठिकाणी उद्यान अस्तित्वात असून नागरिक त्याचे संरक्षण करतात. ताबा घेणे किंवा हलविणे शक्य नाही." त्यांच्या नोकरीतलं हे पहिलं खरं वाक्य. कागदावर बाग आली, त्यामुळं शेठला तिथं प्लॉट विकता येईना. बाकीच्या तीन बागांच्या फीवरून दोघं अजून भांडतात.

मित्रांनो, आता माझा पत्रा खाली फाटलाय. लेकरांच्या चड्ड्या फाटतात. दोन पायऱ्या अजून नाहीत, वाकड्या पायाला तिथं तकलीफ होते. म्हणून एक विनंती. खेळणं मोडलं की ते भंगारात देऊ नका. ते उचललं की जागा मोकळी दिसते, आणि मोकळी जागा दिसली की कुणीतरी शेठ येतो. वेल्डर आणा, मला जोडून घ्या.

पण माझ्या पायाला हात लावण्याआधी मोतीबाईला विचारा. तिची तीन बोटं काठी धरायला पुरतात.