रोझिना आजीची पेटी

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅट गावच्या मैदानावर, आमच्याच सर्कसच्या तंबूत, त्या दुपारी अख्खं गाव लोटलं होतं. पाहुणे प्रोफेसर लडलो यांनी हात उंचावले आणि त्यांची सहायिका मेबल चक्क हवेत आडवी तरंगली! आधाराला काखेखाली तेवढी एक काठी.

"रोझिनाबाईंच्या आत्म्यानं हिला पेललंय!" प्रोफेसर गहिवरले. "उद्या दोरावर चालताना विनीलाही पेलेल. मग खाली जाळं कशाला? जाळं म्हणजे आत्म्याचा अपमान!"

रोझिना आमची आजी. साठ वर्षांपूर्वी तीही अशीच तरंगायची. कशी, ते कुणालाच ठाऊक नाही, कारण मेलेल्या कलावंताची पेटी उघडायची नाही, असा आमच्या घराण्याचा रिवाज. माझा भाऊ हर्बर्ट, म्हणजे विनीचा बाप, डोळे पुसत जाळं सोडायला निघालासुद्धा. विनी चौदा वर्षांची. मी त्याचा हात धरला.

"दादा, थांब. आधी खाली बघ."

आम्ही कसरतवाले चेहरा बघत नाही, वजन कुठे पडतंय ते बघतो. त्या काठीचं टोक भुशातून जमिनीत चार बोटं रुतलं होतं.

"प्रोफेसर, आत्म्यानं पेललंय, तर काठीवर भार कुणाचा?"

"श्रद्धेचा, बाई!"

"बरीच लठ्ठ दिसते हो तुमची श्रद्धा."

तंबूत हशा पिकला. मी पडद्यामागून आजीची पेटी ओढत आणली.

"अ‍ॅडी, अपशकुन होईल!" दादा ओरडला.

"आणि पोरगी पडली तर तो शुभशकुन का?"

झाकण उघडलं. वरच होती लोखंडी पट्ट्यांची चोळी, काखेपाशी काठी अडकवायला खोबण. आतून जाड कापडाचं अस्तर, आजीच्या हाताचे टाके.

"अगंबाई, अस्तरवाली!" तरंगणारी मेबल वरून कळवळली. "माझी मेली नुसती काखेत रुततेय. मला उतरवा आधी!"

प्रोफेसर मागच्या मागे पसार झाले. आमच्याच घरच्या युक्तीला आम्हीच भुललो होतो, याची मला भारी लाज वाटली.

पेटीच्या तळाशी आजीचं स्वतःचं दोराखालचं जाळं होतं, दहा ठिकाणी सांधलेलं. दादा कितीतरी वेळ त्या गाठींवरून बोटं फिरवत बसला. मग उठला आणि त्यानं आपलं जाळं घट्ट आवळलं.

दुसऱ्या दिवशी विनीचा पाय घसरला. ती जाळ्यात पडली, हसली आणि पुन्हा शिडी चढली.

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला की हात जरूर जोडा. पण त्याआधी वजन कुठे पडतंय तेवढं बघा.