सगळ्यांना एकच दार

"खुर्ची फिरव," आई म्हणाली आणि तिनं डोक्याचं फडकं तोंडावर ओढून घेतलं.

नाबुकेरानं समोर पाहिलं. बागेच्या दारातून तिचा नवरा, लुक्वागो, धाकटीला खांद्यावर घेऊन बाहेर येत होता. सासू दिसताच तो थबकला, बाजूला झाला आणि कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सासू-जावयानं समोरासमोर यायचं नाही. बोलायचं तर आडून. इथे मासाका शहरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. आणि तरी नगरपालिकेसाठी ही बाग आखताना नाबुकेराच्या ते डोक्यातच आलं नव्हतं.

नगरपालिकेच्या साहेबांनी दिलेल्या नकाशात चाकाच्या खुर्चीसाठी मागून वेगळं दार होतं. ते तिनं भांडून खोडायला लावलं होतं. साखरेच्या दुखण्यानं आईचा पाय गेल्यापासून बँकेत काय, दवाखान्यात काय, आईला कचऱ्याच्या डब्यांजवळूनच आत न्यावं लागे. इथे तसं व्हायचं नव्हतं. सगळ्यांना एकच रुंद दार, खुर्ची एकटीनं चढवता येईल असा सौम्य चढ, मोठ्यांच्या कठड्याखाली पोरांच्या उंचीचा दुसरा कठडा. आई आज कितीतरी महिन्यांनी घराबाहेर पडली होती, ती या बागेसाठी.

"परक्या माणसानं आखली असती तर हसले असते मी," फडक्याआडून आई म्हणाली. "तू तर माझ्या पोटची. चल घरी."

नाबुकेरा हळूच म्हणाली, की मागे एक दार करून घेते.

"कुठे? डब्यांजवळ?"

खुर्चीच्या मुठींवरचे नाबुकेराचे हात तसेच राहिले.

तेवढ्यात लुक्वागोनं घसा साफ केला. "सासूबाईंना सांग, भिंत फार छान बांधली आहे. मी अजून नीट पाहिलीच नव्हती. त्यांचं फिरून होईपर्यंत पाहतो. मला काही घाई नाही."

फडकं हललं. आई हसत होती.

"नवरा भिंतीशी बोलायला लागला तुझा," ती म्हणाली. मग तिनं नाबुकेराचे हात बाजूला केले, चाकं धरली आणि चढ स्वतः चढली. जावयाच्या पाठीमागून जाताना मान तेवढी दुसरीकडे वळवली.

आत गेल्यावर तिनं फडकं मागे सारलं. झोके पाहिले, म्हाताऱ्यांचा पटावरचा डाव पाहिला, फुलांचे उंच वाफे बसल्या बसल्या चाचपले. नाबुकेरा तिच्या तोंडाकडे पाहत होती. आई चांगलं म्हणेना, वाईटही म्हणेना.

"त्या भिंतीपाशी एक झाड लाव," शेवटी ती म्हणाली. "उभं राहणाऱ्याला सावली नको?"

नाबुकेरानं वळून पाहिलं. दाराबाहेर लुक्वागो अजून पाठमोराच होता. पोरगी त्याच्या खांद्यावर झोपली होती, आणि तिला ऊन लागू नये म्हणून त्यानं मोकळा हात तिच्या डोक्यावर धरला होता.