शिवयोगी मास्तरांचा डोळा

सात रस्त्याजवळच्या आपल्या दवाखान्यात डॉ. प्रियदर्शनी रोज तिरळे डोळे तपासायची. पण सत्तर वर्षांपूर्वी वारलेला पेशंट तिच्याकडे पहिल्यांदाच आला होता. कुंभारीचे धुळाप्पा आणि त्यांची थोरली बहीण तानाबाई आजोबांचे दोन फोटो घेऊन आले होते. आजोबा म्हणजे शिवयोगी मास्तर, स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंग भोगलेले. गावात त्यांचा पुतळा बसणार होता आणि मूर्तिकार अडून बसला होता : डोळे सरळ करू की तिरळे?

एका फोटोत मास्तरांचा डावा डोळा बाहेर वळलेला. दुसऱ्यात दोन्ही सरळ.

"बुबुळावर उजेडाचा ठिपका कुठं पडलाय, त्यावरून कळतं," असं म्हणत प्रियदर्शनी भिंग घेऊन वाकली. ठिपके छान दिसत होते. जरा जास्तच छान. तिनं फोटो तिरपा धरला. ठिपके चक्क पांढऱ्या रंगानं काढलेले होते, दोन्ही फोटोंत. स्टुडिओवाल्याची करामत! आता त्यांवरून काहीच ठरणार नव्हतं.

"आजी, तुम्ही त्यांना पाहिलंय ना? डोळा कसा होता?"

"सरळ की," तानाबाई म्हणाल्या. "लई दमलं म्हंजे तेवढा एक डोळा भलतीकडं जायाचा."

"कायतरीच!" धुळाप्पा उसळले. "कायम तिरळाच हुता. माझ्याकडं बघून हिला रागं भरायचं."

"मला भरायचं ते माझ्याकडंच बघून. तू न्हानगा हुतास, तुला काय आठवतंय?"

दमल्यावर सरकणारा डोळा असतो, हे प्रियदर्शनीला ठाऊक होतं. तसं असेल तर दोघंही खरं बोलत होते. पण मग फोटोतला डोळा खरंच सरकलेला, की रंगानं सरकवलेला? तिनं दोन्ही फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. शेवटी शेवटी तर सरळ डोळाही तिला हलल्यासारखा वाटायला लागला.

"मला नाही सांगता येत, काका."

"डॉक्टर असून?" धुळाप्पांना खरंच नवल वाटलं.

मूर्तिकारानं मग डोळे सरळच केले. अनावरणाला प्रियदर्शनीला आवर्जून बोलावणं आलं. पडदा सरकला, टाळ्या झाल्या. तानाबाई पुतळ्याकडे बघतच राहिल्या.

"ह्यो कोण बसवलाय?" त्या हळूच म्हणाल्या.

"आजोबाच की! हुबेहूब!" धुळाप्पांना तर रडू फुटलं होतं. "म्याडम, तुमी तरी सांगा हिला."

प्रियदर्शनी पुतळ्याच्या उजव्या अंगाला जाऊन उभी राहिली, मग डाव्या. मग पर्समध्ये भिंग शोधू लागली.