टकल्या हवालदाराच्या तीस घड्या

सुरतेजवळच्या पांडेसऱ्यात, कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस मिलमध्ये छगन बावीस वर्षं कापडाच्या मीटर-मीटरच्या घड्या घालत होता. त्या सवयीनेच पुढे घात केला.

जुन्या बाजारात त्याला हाताने फिरवायचा प्रोजेक्टर आणि एक रीळ मिळालं. शंभरेक वर्षांपूर्वीचं मुकं कार्टून. पट्टी उजेडाला धरली, तर टकल्या हवालदार आणि त्याच्या टकलावर माशी. दर चौकटीत माशी केसभर पुढे. एकेक चित्र कुणीतरी हाताने काढलेलं, आणि नाव कुठेच नाही. छगनच्या हातून लाखो मीटर कापड गेलं, शिक्का शेठचाच लागला. त्या चित्रं काढणाऱ्याचं दुखणं त्याला कुणी समजावायला नको होतं.

जुनी रिळं जमवणारे निवृत्त मास्तर ललितभाई फोनवर म्हणाले, “असं कार्टून मी कुठे पाहिलं नाही. चाललं तर नक्कल काढून घेऊ, टिकेल. नाही चाललं तर भंगार. रविवारी येतो.”

छगन पट्टी पुसायला बसला. बायको शोभाबाईशी बोलता बोलता हातांनी सवयीने तिच्या मीटरभर घड्या घातल्या, वर पाट दाबला, सुतळी बांधली.

“हाई काय करं तुम्ही?” शोभाबाई अहिराणीत ओरडली. “साडी शे का ती?”

तीस घड्या, तीस मोडी; यंत्रात पट्टी तिथेच अडकून तुटायची. छगनचं तोंड उतरलं.

“कापडाला चुणी पडली तर मिलमध्ये काय करता?” बायकोने विचारलं.

“रोलवर ताणून गुंडाळतो.”

तिने लाटणं पुढे केलं.

रविवारी खोलीच्या खिडकीला गोधडी लावली, चाळ आत कोंबली. लाटण्यावर गुंडाळलेली पट्टी बघून ललितभाईंनी कपाळाला हात लावला. “फिल्मच्या घड्या? तू माणूस आहेस की मशीन?”

“मिलवाल्यांना विचारा. त्यांनाही अजून कळलं नाही.”

छगनने दांडा फिरवला. मोड आली की पट्टी अडखळे. तो हात सैल सोडी, ती सुटे, आणि हवालदार जागच्या जागी उडी मारी. माशीसाठी त्याने स्वतःच्याच डोक्यात दंडुका घातला तेव्हा रात्रपाळी करून आलेले लोक लोळायला लागले. तिसावी मोड गेली. पट्टी शाबूत होती.

ललितभाईंनी डोळे पुसले. “उद्याच नक्कलेला पाठवतो. माझ्याकडे अशी चाळीस रिळं आहेत. कपाटात. एकटाच बघतो.”

“कपाटाला काय हसू येतं? पुढच्या रविवारी इकडे आणा.”

“एखादं आणतो.”

“चार तरी आणा,” छगन म्हणाला. “ही माणसं एका हवालदारात भागणारी नाहीत.”